शीर्षपद म्हणजे ‘सर्वांत महत्त्वाचा शब्द’ नव्हे
पदबंधातील, म्हणजे वाक्यात एकत्र येऊन एकच काम करणाऱ्या शब्दांच्या गटातील, सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजेच शीर्षपद का, आणि ‘झाडाखाली’ या पदबंधात शीर्षपद कोणते, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. शीर्षपद म्हणजे ज्याच्यावर पूर्ण पदबंधाचे व्याकरण चालते तो शब्द. ज्या पुस्तकांत ही व्याख्या आहे, त्यांतून ती काढून टाकली पाहिजे.

याच व्याख्येवरून, व्याकरणाची एक अभ्यासपुस्तिका तपासताना, एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा वाद झाला होता. ‘कपाटात जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला’ या वाक्यातील ‘जुन्या पत्रांचा गठ्ठा’ या नामपदबंधाचे शीर्षपद त्यांनी उत्तरसूचीत ‘पत्रे’ असे दिले होते आणि कारण विचारताच ते म्हणाले, “मोल पत्रांचे आहे, गठ्ठ्याला कोण विचारतो?” क्रियापद विचारते, असे मी सांगितले. ‘सापडला’ हे रूप गठ्ठ्यामुळे आले आहे. पत्रांचे चालले असते तर ‘सापडली’ झाले असते. शिवाय गठ्ठ्याला प्रत्यय लागला की ‘पत्रांचा’ हे रूपही मुकाट्याने बदलून ‘पत्रांच्या गठ्ठ्यात’ होते. ‘जुन्या’ हे विशेषण मात्र आतल्या पदबंधातले, म्हणजे पत्रांचे आहे. गठ्ठाच जुना असता तर आपण ‘पत्रांचा जुना गठ्ठा’ म्हटले असते. इतके दाखवूनही ‘अर्थ महत्त्वाचा’ हे पालुपद काही सुटले नाही आणि पुस्तिका तशीच छापली गेली. ‘दोन बादल्या पाणी सांडले’ आणि ‘पाण्याच्या दोन बादल्या सांडल्या’ या दोन्ही वाक्यांत सांडते ते पाणीच, तरीही पहिल्यात शीर्षपद ‘पाणी’ आणि दुसऱ्यात ‘बादल्या’ का, याचा उलगडा त्यांच्या व्याख्येने कसा होणार होता?

तेव्हा लिंग-वचन कोणाचे चालते आणि प्रत्यय कोणाला लागतो, हे आधी पाहावे. अर्थात सगळ्या कसोट्या दर वेळी एकाच शब्दाकडे बोट दाखवतात असे नाही. भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी १९८५ मध्ये नेमके हेच दाखवले होते, आणि भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन ॲबनी यांच्या १९८७ च्या प्रबंधानंतर तर अनेक अभ्यासक ‘हा गठ्ठा’ मध्ये ‘हा’ यालाच शीर्षस्थान देतात.

‘झाडाखाली’ मध्ये मी ‘खाली’ला शीर्षपद मानतो, कारण ‘झाड’चे ‘झाडा’ हे सामान्यरूप त्याच्यामुळे होते आणि संपूर्ण पदबंध वस्तू न दाखवता स्थळ दाखवतो.