सीमाभागातल्या गावाचा इतिहास वर्तमानपत्रांत सापडतो का?

आपण विचारले आहे की, बेळगाव परिसरातील स्थानिक वर्तमानपत्रे आणि वाहिन्या गावांचा इतिहास खरोखर जपतात का, आणि आजोबांच्या गावाची माहिती शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो का. माझे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले. गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी जुने अंक चाळण्याचे काम दोन वर्षे माझ्याकडे होते, त्या अनुभवावरून सांगतो. उपयोग होतो, मात्र आपण ज्या पानावर शोधाल तिथे तो बहुधा नसतो.

मोठ्या घटना सहसा हरवत नाहीत. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली इथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन किंवा १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात झालेला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव यांच्या नोंदी अनेक ठिकाणी आहेत, आणि विशेष पुरवण्यांमधून तोच मजकूर थोडा इकडचा तिकडे होऊन पुन्हा पुन्हा छापला जातो. खरा ऐवज आतल्या पानांवर, बारीक टायपात असतो. देणगीदारांच्या याद्या, कुस्तीच्या मैदानाचे निकाल आणि सर्वांत उपयोगी म्हणजे निधनवार्ता. ‘त्यांच्या पश्चात तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ८ वाजता’ अशा तीन-चार ओळींतून मला माझ्याच भाऊबंदांचे एक घर सापडले, जे पोटापाण्यासाठी गाव सोडून गेल्यावर आमच्या बोलण्यातूनही गेले होते.

सीमाभागात या बारीक टायपाचे मोल अधिक आहे, याला कारण आहे. आमच्या घरातले जुने दप्तर मोडीत आहे, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे सरकारी कागद हळूहळू कन्नडमध्ये होत गेले. मला मोडी लागत नाही. माझ्या वडिलांना कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. या दोहोंच्या मधले जे घरातल्या कोणालाही वाचता येईल, ते बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या मराठी पत्रांत आहे.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे गावोगावी महालक्ष्मीची यात्रा दरसाल होत नाही, मध्ये बऱ्याच वर्षांचा खंड असतो. त्यामुळे पुढची यात्रा येईपर्यंत मागची नीट आठवणारे चार-दोनच उरतात, आणि त्यांचेही एकमेकांशी पटत नाही. गेल्या यात्रेच्या वेळी, अक्षतारोपणानंतर, म्हणजे देवीच्या लग्नाच्या अक्षता पडल्यावर, रथ कोणत्या गल्लीतून गदगेकडे, म्हणजे देवीला बसवतात त्या चौथऱ्याकडे, न्यायचा यावरून पंचांची बैठक तीन वेळा मोडली. शेवटी एका माहेरवाशिणीने ट्रंकेतले कात्रण आणले. त्यात त्याआधीच्या यात्रेतल्या रथाचा मार्ग गल्ल्यांच्या नावांसह आणि मानकऱ्यांची नावे क्रमाने छापली होती. पण कापताना तारखेची ओळ गेली होती, आणि हे कात्रण त्याच यात्रेचे कशावरून, असे विरोधकांनी विचारले. कात्रण उलटून पाहिले तर मागे एका लिलावाची अर्धी जाहिरात होती आणि तीत लिलावाची तारीख होती. बैठक तिथेच संपली. (चहा मात्र चौथ्यांदा झाला.)

आता त्रुटींविषयी. सीमाप्रश्नाच्या बाबतीत आमची पत्रे केवळ नोंद ठेवणारी नव्हती, ती लढ्यातच होती, आणि मी ते दूषण मानत नाही; परंतु त्या काळची बातमी वाचताना त्याच दिवसाचे कन्नड पत्रही कोणाकडून वाचून घ्यावे. दुसरी त्रुटी मला अधिक खटकते. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या सीमालढ्याच्या हुतात्म्यांना दर वर्षी अभिवादन होते, हार घालणाऱ्यांची नावे सविस्तर छापून येतात, पण त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या माणसाला बसवून त्याचे म्हणणे उतरवून घेतलेले क्वचितच दिसते. तेव्हा विशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे.

यूट्यूबवरच्या स्थानिक वाहिन्या यात्रेचे तासन्‌तास थेट प्रक्षेपण करतात, तेही मोलाचे आहे. परंतु पडद्यावर कोण दिसते आहे हे कोणी सांगत नाही, आणि ज्या नावाने उद्या कोणी शोधील ते नाव त्यात कुठेच नसते. बारीक टायपातल्या यादीची सर त्याला अजून आलेली नाही.

आपण याल तेव्हा आजोबांच्या निधनाची तिथी किंवा निदान महिना घेऊन या, कारण जुन्या अंकांना सूची नाही आणि एकेक पान उलटावे लागते. जुन्या फायली पाहायला मिळतील का, याची वर्तमानपत्राच्या कार्यालयात आधी चौकशी करा. गावच्या वाचनालयावर फार विसंबू नका. आमच्याकडच्या दहा वर्षांच्या फायली जागा होत नाही म्हणून रद्दीत गेल्या, आणि तो ठराव झाला त्या बैठकीला मीही हजर होतो.