चिनी पद्धतीचं मुगाचं गार पेय हिरवं का राहत नाही?

मूग, पाणी आणि साखर एवढंच घालूनही पेय हिरवं न होता लालसर तपकिरी झालं, असं तुम्ही लिहिलंय. मुगाचा दोष नाही, बहुधा पाण्याचा आहे. सालातली पॉलिफिनॉल्स नावाची द्रव्यं अल्कधर्मी (आम्लाच्या उलट, क्षारांच्या) पाण्यात हवा लागली की लाल पडतात. बीजिंगचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यामुळे तिथे घरी केलेलं हे पेय बरेचदा लालच होतं आणि लोक खुशाल पितात. तुम्ही बोअरचं पाणी वापरलं असेल तर उत्तर मिळालंच.

हिरवंच हवं असेल तर आरओचं पाणी घ्या, थोडं लिंबू पिळा आणि झाकण उघडून सारखं बघू नका. सोडा अजिबात नको. कडधान्य लवकर शिजावं म्हणून चिमूटभर टाकायची आपली सवय इथे नडते. लोखंडी भांड्यात पाणी काळपट होतं, तेही टाळा. वाटीभर मुगाला सात-आठ वाट्या पाणी, उकळी आल्यावर दहाएक मिनिटं. ते हिरवं पाणी गाळून घ्या, खडीसाखर विरघळवा (तिकडेही खडीसाखरच घालतात) आणि फ्रिजमध्ये ठेवा. खालचे मूग टाकू नका. पुन्हा पाणी घालून पार गाळ होईपर्यंत शिजवले की दाट, वाटीत घेऊन चमच्याने खायचा प्रकार होतो. मूग धुऊन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले तर लवकर फुटतात.

दक्षिण चीनमधल्या क्वांगतोंग प्रांताकडे यात समुद्री शेवाळ आणि सताप घालतात. हो, आपल्याकडचीच ती उग्र वासाची सताप. मला काही ते झेपत नाही.

माझं मत शांघायजवळच्या सूचौ शहरातल्या प्रकाराला. तिथे मूग अख्खे राहतील इतपतच शिजवतात, चिकट तांदळाचा भात वेगळा करतात. पेल्यात थोडे मूग, थोडा भात, मनुका, साखरेत मुरवलेल्या कोहळ्याचे तुकडे, म्हणजे जवळपास आपला पेठाच, आणि टुटीफ्रुटीच्या भावंडासारख्या लाल-हिरव्या गोड काड्या. वरून पुदिन्याचं गोड, बर्फगार पाणी ओततात. निम्मं प्यायचं, निम्मं चावायचं. तिथला चिकट तांदूळ मिळाला नाही तर आसामचा बोरा चालेल. पेठा कोरडा घ्या, पाकातला घेतलात तर साखर कमी करा. पुदिना मात्र वगळू नका, नाहीतर ते नुसतं मुगाचं गोड पाणी होतं.