जीआरईचे शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एम.एस. करण्यासाठी जीआरईची तयारी करीत आहे. अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या ती रोज घोकते, तरी सराव परीक्षेत त्याच शब्दांवर गुण जातात. काय करावे?

उत्तर : शब्द ओळखीचा वाटणे आणि तो येणे यांत मोठे अंतर आहे. विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न जीआरईने २०११ मध्ये वगळले. आता एका प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडावे लागतात, की जे वाक्यात चपखल बसतील आणि ज्यांमुळे होणाऱ्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच राहील. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी एवढेच पाठ असेल, तर तोच शब्द निर्बंधाच्या अर्थाने आल्यावर कोणीही अडखळेल. म्हणून मुलीने अर्थ झाकून आधी स्वतःचे वाक्य लिहावे, मगच कोश उघडावा आणि चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी, पुढे आठवड्याने, मग महिन्याने स्वतःला पुन्हा विचारावेत. नुसत्या वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने शब्द अधिक पक्का होतो. शब्दांची कुळे पाहणे तर मला फारच मोलाचे वाटते. लॅटिनमधील ‘लोक्वी’, म्हणजे बोलणे, हे मूळ कळले, की बडबड्या माणसासाठीचा ‘लोक्वेशस’, वक्तृत्वाचा ‘एलोक्वंट’ आणि नाटकातील स्वगताचा ‘सलिलक्वी’ हे तिन्ही एकदम लक्षात राहतात. याद्या टाकून देऊ नयेत. मात्र रोज एखादा गंभीर इंग्रजी लेख वाचून अडलेला शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत उतरवावा.