ज्युरीच्या आदल्या रात्री सगळेच जागे

प्रश्न : मॅडम, मी बेळगावातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा प्रॉडक्ट डिझाईन स्टुडिओ घेते, शिकवायला लागून दुसरंच सेमिस्टर आहे. ३२ पोरं, आठवड्याला ६ तास. एकेकाच्या टेबलापाशी बसते तरी सगळे होत नाहीत, आणि ज्युरीच्या दिवशी, म्हणजे परीक्षकांपुढं काम मांडायच्या दिवशी, बघावं तर निम्म्यांनी आदल्या रात्री सगळं बदललेलं असतं. मग मार्क नक्की कशाला देऊ? आणि दिल्यावर भांडायला येतात ते वेगळंच.
— एक लेक्चरर, टिळकवाडी

उत्तर : आधी साधा हिशोब करू. एकाला १० मिनिटं धरली तर ३२ जणांना ३२० मिनिटं, म्हणजे ५ तास २० मिनिटं. उरलेल्या ४० मिनिटांत हजेरी, चहा आणि "मॅडम प्रिंटर चालेना". म्हणजे तुम्ही कमी पडत नाही आहात, ते बसतच नाही त्यात. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं, शेवटच्या रांगेतल्या पोरांपर्यंत पोचेपर्यंत घसा बसायचा आणि त्यांना मिळायचं काय, तर "छान आहे, अजून कर".

आता मी ८-८ चे चार गट करते. एका वेळी एका गटाचं काम भिंतीवर लावायचं, टाचण्या मारून, आणि आठही जणांनी तिथंच उभं राहायचं. एकाला सांगितलेली गोष्ट सात जणांना फुकट मिळते, कारण चुका बहुतेक सारख्याच असतात, बादलीचा कान कुठं येतो ते न बघता बादली काढलेली असते. एकट्याला बसून वेळ द्यायचा तो फक्त जे अडकलेत त्यांना.

पुढचं मार्कांचं. पहिल्या वर्षी मी ५० पैकी १५ मार्क "क्रिएटिव्हिटी" ला ठेवले होते. एक पोरगा आला, म्हणाला मॅडम मला ९ आणि त्याला १२, ते ३ कुठं गेले? अगदी शांतपणे विचारलं होतं त्यानं, भांडायला नव्हता आला, खरं मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून क्रिएटिव्हिटी हा शब्दच काढून टाकला मार्कांच्या कागदावरून. आता मार्क असे वाटून देते : वापरणाऱ्यांकडं जाऊन बघितलं त्याला १०, पर्याय काढले त्याला १०, कच्ची मॉडेलं १५, फायनल १०, वही ५. आणि प्रत्येकापुढं काय दिसायला पाहिजे ते लिहिते. पर्यायांपुढं काय लिहिलंय, तर निदान तीन एकमेकांपासून वेगळे, आणि सोडलेला प्रत्येक पर्याय का सोडला ते एका ओळीत. एकाच खुर्चीचे तीन रंग म्हणजे तीन पर्याय नव्हेत, हे पण लिहिते, लिहावं लागतं.

बघा, फायनलला १० च ठेवलेत. त्यामुळं आदल्या रात्री बदलून फार काही हाती लागत नाही, तोवर ४० मार्कांचं झालेलं असतं. आणि कुणी आदल्या रात्री बदललंच आणि बरं केलं, तर वहीत कारण लिहिलेलं असलं की मी मोकळ्या मनानं मार्क देते. अशी सुचणारी पोरं असतात, त्यांना कशाला मारायचं. हे सगळं आतल्या मार्कांचं झालं. बाहेरचे एक्झामिनर फायनल मॉडेलच बघणार, तेव्हा वही आणि कच्ची मॉडेलं त्याच टेबलावर मांडून ठेवायला लावते, आलेला माणूस ती चाळतोच.

कच्चं मॉडेल तारखेला आलंच पाहिजे, ह्यात सूट नको. "करूलालोय की मॅडम" हे उत्तर मी चालवून घेत नाही, पुठ्ठ्याचं असू दे, वाकडं असू दे, टेबलावर दिसू दे. एका बॅचला मी उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरनं पाडतात तो नमुना, करणाऱ्या मिस्त्रींकडं नेलं होतं. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात, आणि साच्यातून नीट सुटावा म्हणून त्याला उतार देतात, हे माझ्या चार लेक्चरात कळलं नव्हतं ते तिथं पंधरा मिनिटांत कळलं. मिस्त्री म्हणाले, लाकडात चुकलं तर परवडतं, लोखंडात चुकलं तर भंगार.

तारखा टाकताना मात्र गावाकडं बघून टाका. आपल्याकडं गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्या आठवड्यात सबमिशन ठेवलंत तर दोष पोरांचा नाही. आणि १ नोव्हेंबरला गावात काय असतं, एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिवस, ते बेळगावकराला सांगायला नको.

अजून एक करून बघा. शेरे आधी द्या, मार्क आठवड्यानं. रूथ बटलर म्हणून एक संशोधिका, तिनं १९८८ मधे शाळेतल्या मुलांवर तपासलं होतं, ज्यांना नुसते शेरे मिळाले ती मुलं सुधारली आणि ज्यांना शेरे आणि मार्क दोन्ही एकदम मिळाले त्यांना शेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही. आकडा दिसला की कोण वाचतंय. मी शेरे वाचून काय बदलणार ते वहीत लिहायला लावते, ते लिहिल्यावरच मार्क. भांडणं एकदम बंद झाली नाहीत, अर्ध्यावर आली.

आणि ज्युरीत आधी पोराच्या भाषेत बोलू द्या हो. मराठीत, कन्नडमधे, जे येईल त्यात दोन मिनिटं, मग इंग्रजी. नंदगड-खानापूरकडनं आलेली पोरगी इंग्रजीत "धिस इज माय कन्सेप्ट" म्हणून गप्प होते, तीच मराठीत आपल्या आजीला चुलीपुढं वाकून बसताना काय त्रास होतो ते असं सांगते की एक्झामिनर पेन खाली ठेवतो.

प्रश्न : आम्हा चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट होता, कोल्हापुरी चपलेचं नवीन डिझाईन आणि पॅकिंग. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, मी केलं, मांडणीच्या शीट दोघांनी केल्या, चौथा फक्त आमच्याबरोबर अथणीला आला आणि कारागिरांशी कन्नडमधे गप्पा मारत बसला. सगळ्यांना सारखेच ३८ मार्क. हा अन्याय नाही का? सरांना सांगू का?
— विद्यार्थी, निपाणी

उत्तर : सांग, पण सांगायच्या आधी तुझंच पत्र परत एकदा वाच. तुला कन्नड किती येतं? अथणीत त्या घरात बसून चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमवतात, तळ खिळ्यानं न ठोकता चामड्याच्याच वादीनं शिवतात, चपलेच्या कानाला किती ताण बसतो, पावसाळ्यात काम का थांबतं, हे सगळं तुमच्या शीटवर आलं असणार ना? ते कुठनं आलं? तू कॅड उघडून बसलास तेव्हा तुझ्याकडं मापं होती कारण तो तिथं तीन तास बसला होता. गप्पा मारत बसला म्हणतोस, ह्यालाच फील्डवर्क म्हणतात बाळा.

तुझी तक्रार अगदीच खोटी आहे असं नाही म्हणत मी. चौघांना सारखे मार्क देणं हा शिकवणाऱ्याचा आळस आहे, मी पण केलाय. पण तुझ्या डोक्यात काम म्हणजे स्क्रीनवरचं काम, आणि बहुतेक मार्कांच्या कागदावर पण तेच असतं, रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चकचकीत चित्राला, १५ मार्क आणि माणसांशी बोलल्याला शून्य. कोल्हापुरीला २०१९ मधे जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं मानांकन, मिळाला तो महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, बेळगाव त्यात आहे. दोन भाषा येणारा पोरगा तुमच्या ग्रुपमधे असणं ही तुमची पुंजी होती.

सरांकडं जाताना "त्याचे मार्क कापा" म्हणून जाऊ नको. पुढच्या वेळी ५० पैकी ३० ग्रुपचे आणि २० ज्याचे त्याचे ठेवता येतील का असं विचार. त्या २० साठी दर आठवड्याला प्रत्येकानं चार ओळी लिहायच्या, ह्या आठवड्यात मी काय केलं, आणि बाकीच्यांनी काय केलं. वेगवेगळं लिहून द्यायचं, एकमेकांना न दाखवता. चारही कागद जुळले की प्रश्न नाही, नाही जुळले तर सर बोलावतील. व्हॉट्सॲप ग्रुपवर तारखा असतातच, तेवढा पुरावा पुरतो. आणि खरोखर कुणी काहीच केलं नसेल तर ते तिसऱ्या आठवड्यात सांगायचं असतं, मार्क लागल्यावर नाही.

प्रश्न : आमचे मिस्टर आणि सासरे वडगावात मागावर आहेत. मुलगा डिझाईनला आहे, रात्रभर पुठ्ठे कापतो आणि सकाळी फेकून देतो, परत नवीन कापतो. एवढं करून ५० पैकी २२ पडले. वाया चाललंय का सगळं?
— एक आई, वडगाव

उत्तर : ताई, नवीन काठ घालायचा असला की तुमच्या घरी आधी थोडं विणून बघतात ना, रंग कसा बसतोय, धागा ओढतोय का, आणि नाही जमलं तर तेवढं सोडून परत बांधतात? पोरगा तेच करतोय, त्याच्याकडं पुठ्ठा आहे एवढंच. फक्त फेकू देऊ नका, तारीख टाकून पिशवीत ठेवायला सांगा आणि मॅडमना दाखवायला सांगा, कदाचित ते बघितलंच नसेल म्हणून २२.

त्याचं कॉलेज व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं, असेल तर आतल्या परीक्षेला ५० पैकी निदान २० लागतात, म्हणजे तो पास आहे, थोडक्यात असला तरी. मार्क कुठं कमी पडले ते त्याला टीचरना विचारू दे, तुम्ही जाऊ नका, ह्या वयात आई कॉलेजात आलेली पोरांना चालत नाही.

प्रश्न : एआयनं काढलेली चित्रं सबमिशनला चालतात का?
— विद्यार्थिनी, शहापूर

उत्तर : तुझ्या गाईडनं लेखी काय दिलंय ते आधी बघ. माझ्या क्लासमधे चालतात, पण काय लिहून मागितलं, त्यातलं काय सोडलं, का सोडलं, हे वहीत पाहिजे. लपवलं तर मात्र पहिल्या प्रश्नालाच सापडतं. मी विचारते, हे हँडल बसवायला कुठला स्क्रू लागतो?

प्रश्न : माझा फायनल प्रोजेक्ट खडेबाजारातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर आहे. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे. गाईड म्हणतात मराठी बारीक कर आणि मोकळा हो, दुकानदार म्हणतो आमचं गिऱ्हाईक मराठी, मराठी लांबनं दिसलं पाहिजे. ज्युरीत कुणी राजकारण काढलं तर मार्क जातील का ही भीती आहे.
— शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : विषय झकास निवडलायस. भीती वाटते म्हणून बदलू नको.

पहिल्या शीटवर नियम लिहून टाक, पाटीचं माप लिहितोस तसाच. तो बरा की वाईट हे तुझ्या प्रोजेक्टचं काम नाही, कुणी ज्युरीत काढलंच तर "सर, ही मला दिलेली अट म्हणून घेतलीय" एवढं म्हण आणि पुढच्या शीटवर जा. मग मोजणी. समज पाटी १० फूट बाय ३ फूट, म्हणजे उंची ३६ इंच. ६० टक्के म्हणजे २१.६ इंच कन्नडला, राहिले १४.४. त्यात इंग्रजीला ४.८ दिलेस तर मराठीला ९.६ इंचाचा पट्टा मिळतो. त्यातनं वरची वेलांटी, खालचे उकार आणि मोकळी जागा काढलीस तर अक्षराचं अंग साधारण ५ इंच. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे, १० फुटांवरनं वाचायला १ इंच, तर ५ इंच म्हणजे ५० फूट. समोरच्या दुकानाच्या पायरीवरनं वाचायला भरपूर झालं. म्हणजे तुझे गाईड आणि दुकानदार दोघं ज्यावरनं भांडताहेत ते कागदावर भांडण उरतच नाही. हेच तुझं मुख्य शीट कर.

अवघड आहे ते दोन्ही लिप्या शेजारी बसवणं. देवनागरी शिरोरेषेला लटकते. कन्नड गोल आणि रुंद, आणि जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ते ओत्तक्षर म्हणतात, म्हणून कन्नड ओळीखाली जागा सोडावीच लागते. ती सोडली नाहीस तर ओत्तक्षर खालच्या मराठीच्या वेलांटीत जाऊन अडकेल. दोन्हींचा पॉईंट साईज सारखा ठेवून जमत नाही, अक्षराचं अंग डोळ्यानं जुळव. आणि फॉन्ट घेताना त्यात मराठी वळणाचा ल आणि श आहे का बघ, बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचा येतो आणि जुन्या दुकानदाराला तो लगेच टोचतो, त्याला कारण सांगता येत नसलं तरी. "ऱ्या" पण टाईप करून बघ, चाऱ्याचं दुकान असेल तर पंचाईत. मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाईन विभागात, शिकवायचे, त्यांचं काम काढून बघ, अक्षराकडं किती बारकाईनं बघता येतं ते कळेल.

शेवटी खऱ्या मापाचा एक तुकडा, पूर्ण पाटी नको, दोन शब्दांचा, फ्लेक्सवर छापून दुकानावर एक दिवस लाव. सकाळी उन्हात, संध्याकाळी लाईट लागल्यावर, दोन्ही फोटो. पाच माणसांना रस्त्यापलीकडनं वाचायला सांग, त्यातले दोन कन्नड वाचणारे असू देत. दुकानदाराला आधी विचारून घे आणि फ्लेक्स संध्याकाळी स्वतः काढून आण.