पोर्तुगालशी प्रत्यार्पण करार नसताना अबू सालेमला भारतात कसं आणलं?

हा प्रश्न आमच्या म्हापशात कोर्टाबाहेर चहा पितानाही निघतो, आणि हटकून कोणीतरी म्हणतं, 'पोर्तुगीज पासपोर्ट काढला की सुटला!' तसं नाही हो. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी सालेम 2002 मध्ये पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला पकडला गेला, तेव्हा दोन देशांत प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपी एकमेकांच्या ताब्यात द्यायचा करार नव्हता, हे खरं. तो 2007 मध्ये झाला. पण बॉम्बस्फोटांविरुद्धचा 1997 चा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय करार होता आणि आपल्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यातलं कलम 3(4) अशा करारालाच प्रत्यार्पण करार मानायची मुभा देतं. शिवाय त्या करारात बॉम्ब ठेवणं हा 'राजकीय गुन्हा' धरता येत नाही. एरवी आरोपीचे वकील पहिला बचाव तोच घेतात, कारण राजकीय गुन्ह्यासाठी आरोपी सहसा सोपवत नाहीत.

खरी अडचण शिक्षेची होती. पोर्तुगालने 1867 मध्येच लष्करी सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली आणि जन्मठेपही तिकडे नाही. म्हणून डिसेंबर 2002 मध्ये उपपंतप्रधान अडवाणींनी लेखी हमी दिली: फाशी नाही, 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये सालेम मुंबईत आला. 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली होती, त्या खटल्यात 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं की ती हमी सरकारला पाळावीच लागेल. अनेकांना हे झोंबतं, मलाही झोंबलं. पण आज शब्द फिरवला, तर पुढच्या आरोपीला कोण देईल?