परीक्षा नाही, पण सिनेटपुढे उलटतपासणी

प्रश्न : मी पुण्यात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातले निम्मे जण जेएमएफसीच्या (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्याच्या परीक्षेच्या) तयारीला लागलेत. अमेरिकेत सरकारी वकिलाला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातला, न्यायाधीश व्हायचं तर कोणती परीक्षा द्यावी लागते?

उत्तर : कोणतीच नाही. पण हेवा वाटून घेण्याआधी पुढचं वाचा. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात. सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, समिती त्या माणसाला सगळ्यांदेखत प्रश्न विचारते, त्याची जुनी भाषणं, लेख, लढवलेले खटले उकरून काढते. मग सिनेटमध्ये मतदान. घटनेत वयाची, पदवीची, सनदेची एकही अट लिहिलेली नाही, पण वकिली न केलेला माणूस आजच्या काळात तिथवर पोचत नाही.

फेडरल न्यायाधीश श्री श्रीनिवासन ('श्री' हे त्यांचं नावच) यांचंच बघा. जन्म १९६७चा, चंदीगडचा. वाढले कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात, जिथे वडील विद्यापीठात गणित शिकवायचे. स्टॅनफर्डमधून कायदा आणि एमबीए एकदमच केलं. मग सर्वोच्च न्यायालयात न्या. सँड्रा डे ओकॉनर यांचे लॉ क्लार्क झाले. (तिथला लॉ क्लार्क म्हणजे आपल्या कोर्टातला कारकून नव्हे. न्यायमूर्तींसाठी संशोधन करणारा हुशार तरुण वकील.) पुढे सॉलिसिटर जनरलच्या (सर्वोच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलाच्या) कार्यालयात आधी बुश यांच्या आणि नंतर ओबामा यांच्या सरकारची बाजू त्यांनी मांडली. सर्वोच्च न्यायालयात ते वीसहून अधिक वेळा उभे राहिले. तिथे वकिलाच्या समोर दिवे असतात : पांढरा लागला की पाच मिनिटं उरली, लाल लागला की थांबायचं. 'मिलॉर्ड, दोनच मिनिटं' म्हणत अर्धा तास काढायची सोय नाही.

२०१३ साली सिनेटने त्यांना वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयावर ९७ विरुद्ध ० मतांनी पाठवलं. शपथ त्यांनी भगवद्गीतेवर घेतली आणि ती दिली ओकॉनरबाईंनीच.

प्रश्न : चौतीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालो. आयुष्यभर सरकारची बाजू मांडलेला माणूस खुर्चीवर बसल्यावर सरकारविरुद्ध निकाल कसा देईल? (नागपूर)

उत्तर : शंका रास्त आहे. आपल्याकडेही ही वाट आहेच. धनंजय चंद्रचूड १९९८ मध्ये अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले आणि २००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. अमेरिकी कायदा सांगतो की सरकारी नोकरीत असताना ज्या प्रकरणात वकील म्हणून काम केलं, ते प्रकरण न्यायाधीशाने ऐकायचं नाही. पण तुमचा प्रश्न स्वभावाचा आहे, त्याला कलम लावून उपयोग नाही. म्हणून रॉइस लॅम्बर्थ यांची गोष्ट सांगतो.

टेक्ससचे लॅम्बर्थ आधी सैन्यात वकील होते, व्हिएतनाममध्येही गेले. १९७४ पासून वॉशिंग्टनच्या सरकारी वकील कार्यालयात. तिथे दिवाणी विभागाचे ते प्रमुख होते, म्हणजे सरकारवर कोणी दावा ठोकला की तो परतवणं हेच काम. १९८७ मध्ये रेगन यांनी त्यांना जिल्हा न्यायाधीश केलं.

१९९६ मध्ये मोंटानातल्या ब्लॅकफीट जमातीच्या एलुईज कोबेल यांनी सरकारवर दावा लावला. मूळनिवासींच्या जमिनींवरचं तेल, गवत, लाकूड यांचं उत्पन्न सरकार विश्वस्त म्हणून सांभाळत होतं, आणि त्याचा हिशेबच देत नव्हतं. दावा आला लॅम्बर्थ यांच्यापुढे. सरकारी खातं तारखा कशा मागतं, 'फाइल सापडत नाही' केव्हा म्हणतं, हे या गृहस्थांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कागदपत्रं हजर केली नाहीत म्हणून १९९९ मध्ये त्यांनी दोन मंत्र्यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. २००५ च्या एका निकालपत्रात इंटिरियर खात्याला (या जमिनींचा कारभार बघणाऱ्या खात्याला) त्यांनी असं काही झोडपलं की सरकारच अपिलात गेलं. अपील न्यायालयाने २००६ मध्ये प्रकरण त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं : हा न्यायाधीश सरकारबाबत निःपक्षपाती वाटत नाही म्हणून! दावा शेवटी ३.४ अब्ज डॉलरवर मिटला.

मला विचाराल तर लॅम्बर्थ यांची भाषा जास्त झाली. पण त्यांचा राग मला कळतो. सरकारी वकील आपल्याच खात्याचे किती बहाणे ऐकतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न : पगार किती? निवृत्ती कितव्या वर्षी? (डोंबिवली)

उत्तर : २०२४ मध्ये जिल्हा न्यायाधीशाला वर्षाला २,४३,३०० डॉलर. बड्या फर्मचे भागीदार याच्या कितीतरी पट कमावतात. निवृत्तीचं वय नाही. नेमणूक तहहयात, आणि पदावर असेपर्यंत पगार कमी करता येत नाही, हे घटनेतच आहे. पासष्टीला पंधरा वर्षं सेवा झाली असेल तर 'सीनियर' दर्जा घेऊन काम कमी करता येतं. लॅम्बर्थ यांनी तो २०१३ मध्ये घेतला, तरी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या (अमेरिकी संसदभवनावरच्या) हल्ल्याचे खटले त्यांच्या बोर्डावर होतेच.

प्रश्न : एवढी तहहयात खुर्ची कोणी आपणहून सोडतं का? (कोल्हापूर)

उत्तर : मेरिक गार्लंड यांनी सोडली. १९८९ मध्ये बड्या फर्मची भागीदारी टाकून ते साधे सरकारी वकील झाले. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटात १६८ माणसं गेली, त्या खटल्याची देखरेख त्यांच्याकडे होती. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश. २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नाव दिलं, तर सिनेटने सुनावणीच घेतली नाही. २९३ दिवसांनी नामांकन आपोआप संपलं. २०२१ मध्ये राजीनामा देऊन ते ॲटर्नी जनरल झाले, म्हणजे पुन्हा सरकारचेच वकील. त्या अपील न्यायालयाचं मुख्य न्यायाधीशपद मात्र त्यांच्याकडून वर्षभर आधीच श्रीनिवासन यांच्याकडे आलं होतं.