जुन्या संगणकात आय७ बसवावा का?

प्रश्न : माझ्या २०१४ सालच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. तो फार रेंगाळतो. दुकानदार वापरलेला आय७-४७७० सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर : दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५० सॉकेटचेच (म्हणजे मदरबोर्डवर, संगणकाच्या मुख्य बोर्डवर, एकाच प्रकारच्या जागेत बसणारे) असल्यामुळे, मदरबोर्डच्या कंपनीने दिलेल्या यादीत आय७-४७७० असल्यास तो बसेल; पण आपली तक्रार पाहता दोष प्रोसेसरचा वाटत नाही. संगणक अडखळत असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती व्यस्त आहे ते दाखवणारी खिडकी) उघडून पाहावे. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयूचा (म्हणजे प्रोसेसरचा) मात्र २०-३०च्या आसपास घुटमळत असेल, तर आय७सुद्धा डिस्कची वाटच पाहत बसेल. म्हणून आधी साटा एसएसडी (साध्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवून रॅम ८ जीबी करावी. व्हिडिओ संपादन रोजचे असेल, तरच चार कोअरच्या आय७चा विचार करावा. तो आय३च्या ५४ऐवजी ८४ वॅटचा, म्हणजे जास्त तापणारा, असल्याने पंखा तपासून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) लावणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट (दुकानदार ती सहसा सांगत नाहीत) : विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा आय७ही नाही, आणि विंडोज १०चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे मोठी रक्कम याच मदरबोर्डवर घालू नये. एसएसडी मात्र पुढच्या संगणकातही वापरता येईल.